इको मोड कुठे लावायचा, कुठे काढायचा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच बटणाबद्दल होती. काही प्रश्न पुन्हा पुन्हा आले होते, ते एकत्र केले. घाट, पाऊस आणि ओव्हरटेक यांवरची उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत, कारण तिथे प्रश्न पेट्रोलचा राहत नाही, जिवाचा होतो.

ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेऊन चार महिने झाले. इको कायम चालू ठेवा, ॲव्हरेज वाढतं, असं घेतानाच सांगितलं होतं. हे बटण नेमकं करतं काय? कायम ठेवलं तर इंजिनाला अपाय होईल का?
(वाचक, कोथरूड, पुणे)

ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाला अपाय होत नाही. पण ‘कायम’ हा सल्ला बरोबर नाही.

पूर्वी ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत, केबल असायची. पाय दाबाल तितकी झडप उघडायची. आता पेडलला सेन्सर असतो. पाय किती दाबला एवढंच तो ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळवतो, झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. इको लावला की हे प्रमाण बदलतं. पेडलच्या पहिल्या अर्ध्या प्रवासात झडप नॉर्मलपेक्षा कमी उघडते आणि सावकाश उघडते. ऑटोमॅटिक गियरबॉक्स वरचा गियर लवकर टाकतो, खालच्या गियरवर उशिरा येतो. बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही हात राखून चालवला जातो. नाव काहीही असो, नेक्सॉनमधला इको, होंडाचा इकॉन किंवा एक्सयूव्ही ७०० डिझेलमधला झिप, मूळ काम हेच.

यातून इंधन वाचतं ते असं. पेट्रोल इंजिन कमी भारावर चालतं तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असतं आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच ताकद जाते. शिवाय दर फेऱ्याला घर्षण आहेच. तेवढीच ताकद २,५०० आरपीएमऐवजी १,७०० ला, थ्रॉटल जास्त उघडून मिळवली, तर हे दोन्ही तोटे कमी होतात. इको गियरबॉक्सला तिकडेच ढकलतो.

म्हणून फायदा दिसतो तो सिग्नल, गर्दी, थांबत-निघत जाणारा रस्ता इथे. सपाट द्रुतगती मार्गावर वरच्या गियरमध्ये एकसारख्या ९० ने जात असाल, तर नॉर्मल आणि इको यांत जवळपास फरक उरत नाही. त्या वेगाला हवा कापायला जितकी ताकद लागते तितकी लागणारच, बटणाने ती कमी होत नाही. तिथे वेग कमी करणं हाच उपाय. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा रेटा दीडपटीहून जास्त होतो.

लिटरमध्ये सांगायचं तर, महिन्याला १,००० किलोमीटर आणि ॲव्हरेज १४ असेल तर साधारण ७१ लिटर लागतात. इकोने ५ टक्के वाचले असं धरलं तरी ते साडेतीन लिटर होतात. पैसे वाचले, पण गाडीची हवा ३३ पीएसआयऐवजी २६ वर असेल तर यातला काही भाग टायरच खाऊन टाकेल. आधी हवा तपासा, तीही टायर थंड असताना.

पाच माणसं, डिकी भरलेली, एएमटी (क्लच-गियर यंत्राने चालणारी) गाडी. कसारा घाट चढताना गाडी दम टाकते, मग एकदम धक्का देऊन गियर पाडते. गियरबॉक्स खराब आहे का?
(वाचक, नाशिक)

पत्रात इको चालू असल्याचं लिहिलं आहे, त्यामुळे गियरबॉक्सवर शंका घेण्याआधी तो काढून बघा. भरलेली गाडी चढावर असताना इकोने चौथा टाकला की इंजिन १,५०० च्या खाली येतं आणि ओढत नाही. तुम्ही पाय आणखी दाबता, पण इको पेडल सौम्य करत असल्यामुळे गियरबॉक्सला तुमची घाई उशिरा कळते. शेवटी तो तिसरा टाकतो, जोर मिळतो, तुम्ही पाय उचलता, आणि तो लगेच पुन्हा चौथ्यात जातो. हा खेळ वळणावळणाला चालतो. इंधन वाचत नाहीच, उलट प्रत्येक बदलाला क्लच घासला जातो.

घाट सुरू होण्याआधी, सपाटीवर असतानाच इको काढा. एएमटी मॅन्युअलवर घ्या आणि दुसरा किंवा तिसरा गियर धरून इंजिन २,००० ते ३,००० मध्ये ठेवा. चढावर रांग लागली तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. एएमटीत क्लच मॅन्युअल गाडीसारखाच असतो, पेडल फक्त यंत्राच्या हातात असतं. असं धरलं तर अर्ध्या मिनिटात जळका वास येतो. ब्रेक दाबून थांबा, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी सरकल्यावर एकदम निघा. ड्राय क्लचच्या (तेलात न बुडलेल्या) डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांनाही हेच लागू. त्यांत क्लच तापल्याचा इशारा पडद्यावर आला, तर बाजूला घेऊन पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवून थांबा.

इको काढूनही सपाटीवर तसाच धक्का बसत असेल, तर मात्र क्लचचं ॲडजस्टमेंट तपासून घ्या.

उतरताना इको ठेवावा ना? मी तर पसरणी घाटात न्यूट्रल करतो, पेट्रोल शून्य लागतं.
(वाचक, वाई)

कृपया आजपासून हे थांबवा. शिवाय हिशेबही उलटा आहे.

गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आजची इंजेक्शनची इंजिनं इंधन तोडतात. इंजेक्टर बंद, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. आरपीएम खाली येऊन आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या किमान फेऱ्यांच्या) जवळ पोचले की इंधन पुन्हा सुरू होतं. म्हणजे शून्य पेट्रोल गियरमध्ये लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर आयडल चालतं, आणि छोट्या पेट्रोल इंजिनाला त्यासाठी एसीशिवायही तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर लागतं. पडद्यावरचा तात्काळ ॲव्हरेजचा आकडा बघितलात तर गियरमध्ये उतरताना काटा शेवटाला टेकलेला दिसेल.

दुसरी गोष्ट ब्रेकची. न्यूट्रलमध्ये गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. सलग वळणांवर पॅड आणि डिस्क तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात पाणी मुरलेलं असेल, तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सर्व्हिसच्या बिलात आपणहून फारसं कोणी बघत नाही.

आता इकोबद्दल. ऑटोमॅटिक गाडी इकोमध्ये उतारावरही वरचा गियर धरू पाहते, म्हणजे इंजिनाचा ब्रेक कमी मिळतो. काही गाड्या इकोमध्ये पाय काढल्यावर क्लच सोडून मोकळ्या धावतात. सपाटीवर ते ठीक, घाटात नको. म्हणून उतरतानाही इको काढा आणि ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा. मॅन्युअल मोड, स्टिअरिंगमागचे गियरचे पॅडल, ‘एल’, जे असेल ते वापरा. हायब्रिड गाडीत ‘बी’ असतो, तो याच कामासाठी आहे. ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबा आणि सोडा. सतत पाय टेकवून ठेवला तर तो थंड होत नाही.

पावसात चिपळूणहून कुंभार्ली घाटाने जाताना काच सारखी धुरकट होते. एसी चालू असतो तरी. फडक्याने पुसत पुसत चालवावं लागतं.
(वाचक, चिपळूण)

इको चालू असेल तर बहुधा कारण तोच. एसीचं काम गारवा देणं एवढंच नाही, तो हवेतलं पाणी काढतो. दमट हवा थंडगार कॉइलवरून जाते, पाणी कॉइलवर जमतं आणि नळीतून गाडीखाली ठिबकतं. इकोमध्ये कॉम्प्रेसर लवकर थांबतो किंवा मंद चालतो. पावसाळ्यात बाहेर आधीच थंड असतं, त्यामुळे तो आणखीच कमी चालतो. थांबला की कॉइल कोमट होते आणि तिच्यावरचं पाणी वाफ होऊन पंख्याच्या वाऱ्याबरोबर आत येतं, थेट थंड काचेवर. म्हणून कधी काच स्वच्छ, कधी अचानक पांढरी.

इको काढा. समोरच्या काचेच्या डिफॉगचं बटण दाबा. एसी चालू, हवा बाहेरून येणारी. आतलीच हवा फिरवत ठेवली तर चार माणसांच्या श्वासाचं आणि ओल्या कपड्यांचं पाणी आतच राहतं. तापमान खूप खाली नेऊ नका, २४-२५ ठेवा किंवा हीटर किंचित उघडा. कोरडी कोमट हवा काच लवकर साफ करते. काच बाहेरून धुरकट होत असेल, तर मात्र काच जास्त गार झाली आहे. वायपर मारा आणि काचेवरचा गार झोत दुसरीकडे वळवा. पायाखालचे ओले मॅट रात्री घरात काढून ठेवा. काचेची आतली बाजू कोरड्या स्वच्छ कापडाने आधीच पुसलेली असावी, कारण तेलकट काचेवर वाफ लवकर धरते. चालवता चालवता फडक्याने पुसणं धोक्याचं आहे आणि बोटांचे तेलकट डाग राहतात ते वेगळंच.

मुंबई-गोवा रस्त्यावर ज्या टप्प्यात दुभाजक नाही तिथे ओव्हरटेक करताना गाडी ऐन वेळी उचलत नाही. पूर्ण पाय दाबल्यावर इको आपोआप सुटतो असं ऐकलं होतं.
(वाचक, रत्नागिरी)

काही गाड्यांत सुटतो, तेही पेडल तळाला टेकवल्यावर. काहींत पेडलच्या शेवटी एक खटका असतो, तो पार करावा लागतो. काहींत पूर्ण दाबूनही गियरबॉक्स विचार करायला वेळ घेतो. आपल्या गाडीचं काय आहे ते मोकळ्या रस्त्यावर आधी करून बघा, समोर ट्रक असताना नाही.

हिशेब असा आहे. ट्रक १२ मीटरचा आणि ६० ने चाललेला. तुमची गाडी ४ मीटर, मागे-पुढे १५-१५ मीटर मोकळे. म्हणजे ट्रकपेक्षा ४६ मीटर जास्त कापायचे. तुम्ही ८० ला पोचलेले असाल तर दर सेकंदाला साडेपाच मीटरच कमावता, म्हणजे सव्वाआठ सेकंद. तेवढ्यात तुमची गाडी सुमारे १८५ मीटर पुढे जाते, आणि समोरून ८० नेच कोणी येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. ३७० मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा, आणि हे ८० चा वेग आधीच धरलेला असताना. इकोमुळे उचलायला दोन सेकंद उशीर झाला की त्यात जवळपास ९० मीटरची भर पडते. कोकणातल्या वळणांवर इतका सरळ रस्ता फार कमी ठिकाणी दिसतो.

म्हणून ट्रकच्या मागे आलात आणि ओव्हरटेकचा विचार आहे, तर आधी इको काढा, योग्य गियर धरा, ट्रकपासून अंतर ठेवून पुढचा रस्ता बघा, मगच बाहेर पडा. बाहेर पडल्यावर बटण शोधू नका. जागा पुरत नाही असं वाटलं तर ब्रेक मारून मागे या. दुभाजक नसलेल्या रस्त्याच्या प्रवासात इको अजिबात न लावणं हेच आम्हाला सोपं आणि बरोबर वाटतं.

नागपूरला मे महिन्यात इकोवर एसी लागतच नाही. गॅस भरावा का?
(वाचक, नागपूर)

आधी नॉर्मलवर दहा मिनिटं चालवून बघा. नॉर्मलवर चांगला गार होत असेल तर गॅस ठीक आहे. उन्हात उभी गाडी असेल तर चारही काचा खाली करून मिनिटभर चालवा, तापलेली हवा जाऊ द्या. मग काचा बंद, नॉर्मल मोड, आतली हवा फिरती. गाडी गार झाली की इको लावा. थंडावा टिकवायला कॉम्प्रेसर कमी लागतो, तापलेली गाडी गार करायला जास्त. नॉर्मलवरही वारा कोमटच येत असेल, तर गॅस भरण्याआधी गळती कुठे आहे ते शोधायला सांगा. बंद सर्किटमधला गॅस आपोआप संपत नाही.

डिझेल एसयूव्ही, रोज घर ते कारखाना सहा किलोमीटर, कायम इको. आता डीपीएफचा दिवा लागला आहे. याचा इकोशी संबंध आहे का?
(वाचक, कोल्हापूर)

मुख्य कारण सहा किलोमीटरचा प्रवास. इकोने त्यात भर घातली.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारी गाळणी, म्हणजेच डीपीएफ, असते. ती भरत आली की गाडी जादा डिझेल टाकून एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी सलग चालती हवी. सहा किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम तापतं, जाळणं सुरू होतं आणि तुम्ही चावी बंद करता. इकोमध्ये आरपीएम कमी, म्हणजे एक्झॉस्टही कमी तापलेला.

दिवा स्थिर असेल आणि दुसरा कोणताही इशारा नसेल, तर टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल आहे ना ते बघून मोठ्या रस्त्यावर न्या. इको बंद, नॉर्मल किंवा स्पोर्ट, एक गियर खाली, आरपीएम २,००० च्या वर, वेग ६० ते ८०, सलग २० मिनिटं. दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. गाडीच्या पुस्तकात वेगळा वेग किंवा वेळ दिली असेल तर ती पाळा. थांबल्यावर वाळलेलं गवत, उसाचं पाचट यांवर गाडी लावू नका, गाळणी अजून धगधगत असते. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनाचाही दिवा लागला असेल आणि गाडीची ताकद कमी झाली असेल, तर पळवू नका, सर्व्हिस सेंटरला यंत्र लावून काजळी जाळून घ्यावी लागेल.

एक गोष्ट आवर्जून बघा, डिपस्टिक. काजळी जाळण्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रत्येक फेरीत थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर ‘ऑइल कमी होत नाही’ म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालं आहे, लगेच बदला. पुढे आठवड्यातून एकदा कागलपर्यंत किंवा त्याहून पुढे अर्धा तास इकोशिवाय चालवलीत तर हा त्रास फार कमी होईल.

मॅन्युअल टर्बो पेट्रोल. इकोमध्ये पडद्यावरचा बाण ४५ लाच पाचवा टाका म्हणतो. ऐकावं का?
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सपाट रस्ता, हलका पाय, तर ऐका. चढ असेल, गाडी भरलेली असेल किंवा लगेच वेग वाढवायचा असेल तर नाही. छोट्या टर्बो इंजिनात १,५०० च्या खाली टर्बोचा जोर आलेला नसतो. तिथे वरच्या गियरमध्ये पाय रेटला की गाडी थरथरते. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएम आणि जास्त भार असताना मिश्रण ठिणगीआधीच पेटू शकतं, आणि तसा एखादा जोरदार फटका पिस्टनलाही इजा करतो. ऑइल पुस्तकात सांगितलेलंच घ्या. एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलची यासाठी वेगळी चाचणी होते. थरथर जाणवली की बाण काहीही म्हणो, खालचा गियर टाका.

चालत्या गाडीत मोड बदलला तर चालतो का?
(वाचक, डोंबिवली)

चालतो. ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर किंवा हलका असताना बदला. पाय दाबलेला असताना इको काढला तर गाडी थोडी पुढे झेपावते, गर्दीत ते नको. चावी बंद केल्यावर मोड तसाच राहतो की नॉर्मलवर येतो, हे गाडीगणिक वेगळं आहे. निघताना पडद्यावर बघायची सवय ठेवा.

पडदा इकोमध्ये १८ दाखवतो, नॉर्मलमध्ये १६. खरं मानावं का?
(वाचक, ठाणे)

फरकाची दिशा खरी असू शकते, आकडे नाहीत. पडदा इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून अंदाज बांधतो आणि बऱ्याच गाड्यांत तो चढाच असतो. टाकी ते टाकी मोजा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, सकाळी, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा. वर गोल आकड्यासाठी आणखी घालू नका. ट्रिप शून्य करा. ४००-५०० किलोमीटर झाले की तसंच पुन्हा भरा. ५१२ किलोमीटर आणि ३४.६ लिटर, म्हणजे १४.८. एक टाकी नॉर्मल, एक इको, मग पुन्हा एक नॉर्मल. रस्ता तोच, टायरची हवा तीच, एसी तेवढाच. दोन नॉर्मल टाक्यांमध्येच एका किलोमीटरचा फरक निघाला, तर इकोचा अर्ध्या किलोमीटरचा फायदा तुमच्या मोजमापात दिसणारच नाही. आणखी टाक्या मोजाव्या लागतील.

इलेक्ट्रिक गाडी. महाबळेश्वरला हॉटेलात १०० टक्के चार्ज करून इकोवर उतरलो, तर ब्रेकने वीज परत मिळण्याचं प्रमाण जवळपास शून्य, आणि गाडी नेहमीसारखी रोखतही नव्हती. बिघाड आहे का?
(वाचक, सातारा)

बिघाड नाही. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागाच नसते, म्हणून गाडी रीजन (वेग कमी करताना वीज परत मिळवणं) बंद ठेवते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. महाबळेश्वर ते वाई सुमारे ६०० मीटरचा उतार आहे. माणसांसह १,६०० किलोची गाडी तेवढी उतरते तेव्हा २.६ युनिट ऊर्जा सुटते. टायर, हवा आणि यंत्रणेतला तोटा वजा जाऊनही त्यातला बराच भाग परत मिळू शकतो. ४० युनिटच्या बॅटरीत सगळी ऊर्जा परत आली असं धरलं तरी ती साडेसहा टक्के होते. म्हणून वर ९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा आणि रीजन वरच्या पातळीवर ठेवून उतरा.

इलेक्ट्रिक गाडीत इको मोटरची ताकद आणि एसी आवरतो. काही गाड्यांत रीजनची पातळी मोडबरोबर बदलते, काहींत ती पॅडलवर वेगळी असते, तेव्हा मोड कोणताही असो, रीजनचा आकडा वेगळा तपासा. उतारावर इको चालेल, चढताना आणि ओव्हरटेकला काढा. आणि १०० टक्के भरूनच उतरायची वेळ आली, तर पहिले आठ-दहा किलोमीटर ब्रेक नेहमीपेक्षा जास्त तापणार हे धरून वेग कमी ठेवा. बॅटरी थोडी उतरली की रीजन आपोआप परत येतं.